कोयत्याची धार आणि लोहाराची उधारी


ऊस जमिनीलगत तोडा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. बुडख्यात साखर जास्त, आणि खोडवाही जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमाने फुटतो. पण कोयताच बोथट असेल तर तोडकरी काय करणार? धार ठरते ती लोहाराच्या भट्टीवर.

आमच्या गटातल्या एका लोहारदादांचे वडील बलुत्यावर काम करीत. दादांनी धंदा रोखीवर आणला. हाताचा भाता गेला, विजेचा ब्लोअर आला. मागाहून वेल्डिंग आणि ग्राइंडर. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादाचे कोयते ते पावसाळ्यातच घडवून ठेवतात. पाणी जास्त बसले तर धार तुटते, कमी बसले तर मुडपते. ते ओळखणे हीच त्यांची खरी पुंजी.

परवा त्यांची उधारीची वही पाहिली. बरीचशी नावे आपल्याच सभासदांची! उसाचे बिल आले की देतो म्हणायचे, आणि बिल आले की विसरायचे. कोळसा-लोखंड मात्र दादांना रोखीने आणावे लागते. अशाने धंदा वाढायचा कसा?

दादांना सांगितले, घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. तीत लोहारांना ५ टक्के व्याजाने, विनातारण, आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे.

तुम्हाला एकच विनंती : गाळपाआधी मागली बाकी चुकती करा. गावची भट्टी विझली, तर कोयता पाजवायला तालुक्याला हेलपाटे घालावे लागतील.