कोवळं ऊन पुरेल का?

1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश द्यायला सुरुवात केली. गंमत अशी, की एकाच हातावर प्रकाश पाडला तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. क्ष-किरण चित्रांत ते दिसत होतं. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे अंगभर जात होतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे ड जीवनसत्त्व. त्वचेत बनल्यावर आधी यकृतात, मग मूत्रपिंडात त्याच्यावर प्रक्रिया होते, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषून घेणं. ते नसेल तर दूध कितीही प्या, हाडांना पुरेसं मिळत नाही.

आपल्याकडे ऊन रग्गड, तरीही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरायची पद्धत छानच. पण सकाळी सातच्या उन्हात ते जीवनसत्त्व बनायला लागणारे अतिनील-ब किरण जेमतेमच असतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड झाली, की ते नीट मिळू लागतात. खिडकीची काच त्यांना अडवते, त्यामुळे काचबंद गॅलरीतलं ऊन या कामी फुकट. सावळ्या त्वचेला वेळही जास्त लागतो.

कमतरता असेल तर ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक देतात. काहीजण ती रोजच घेतात! जादा ड चरबीत साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मग उलट्या, मुतखडा, प्रसंगी मूत्रपिंडालाच इजा.