पलटणींतून परतलेला माणूस आणि त्याचा उपचारक

दारव्हा हें यवतमाळ जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव. सभोंवारचा मुलूख कापसाचा. पलटणींत पंधरा-सतरा वर्षें काढून एखादा हवालदार चाळिशीच्या आंतच पेन्शन घेऊन अशा गांवीं परततो, कांहीं महिन्यांनीं त्याची झोप उडते आणि घरचीं माणसें त्याला मानसोपचारकाकडे नेतात. तेथें पहिली अडचण येते ती रोगाच्याही आधीं भाषेची. घरीं तो वऱ्हाडी बोलतो, तांड्यावरचा असल्यास गोरमाटी. उमेदीचीं वर्षें फौजी हिंदींत गेलेलीं असतात. आणि उपचारक बोलतो ती पुस्तकी मराठी. पहाऱ्यावरची रात्र ज्या भाषेंत त्याच्या स्मरणांत आहे, त्या भाषेंत त्याला कोणी विचारीतच नाहीं.

युद्धानें मन दुखावतें ही गोष्ट वैद्यकाला नवी नव्हे. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें ‘शेल-शॉक’ हा शब्द वापरला. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारकांच्या संघटनेनें आघातोत्तर तणावविकाराला आपल्या रोगसूचींत स्थान दिलें. नांवें पालटलीं, पण सैनिकाचा संकोच तसाच राहिला, आणि त्याला कारणही आहे. भारतीय सैन्यांत प्रकृतीची प्रतवारी ‘शेप’ या पांच इंग्रजी अक्षरांच्या खुणेनें होते: मन, कान, हातपाय, शरीर व डोळे. पहिलें अक्षरच मनाचें! त्यापुढील एकाचा दोन झाला, कीं नेमणूक आणि बढती अडण्याची धास्ती. ‘सब ठीक है, साब’ हें उत्तर त्याच्या जिभेवर बसतें तें याच धास्तीनें, आणि पेन्शनीनंतरही तें सुटत नाहीं. म्हणून आपलें बोलणें कोठें नोंदलें जाईल व कोठें जाणार नाहीं, हें उपचारकानें प्रथम उघड सांगितलेलें बरें.

‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न कुतूहलाचा आहे, उपचाराचा नव्हे. पलटण कोणती, काम काय होतें, हें आधीं विचारावें. सैन्यांत स्वयंपाकी असतात, मोटारचालक असतात, तारायंत्रवाले असतात. प्रत्येकानें गोळीबार पाहिलेला नसतो. उजाडण्यापूर्वीं उठणें, दाराकडे तोंड करून बसणें, वेळ चुकल्यास चिडणें, यांना लागलीच रोग ठरविणें उतावळेपणाचें होय. उलट, ज्याला भीतीपेक्षां अपराधाची टोंचणी अधिक आहे, सोबती गेला व आपण उरलों हें ज्याला सलतें, त्याला केवळ झोपेच्या गोळ्या पुरत नाहींत.

मानाचा प्रश्न याहून नाजूक. डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांची जोड मिळून १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवीं महार पलटण उभी राहिली. पलटणींत ज्याला जवान ‘सुभेदारसाहेब’ म्हणून सलाम करीत, त्याला गांवच्या पारावर कोणी अरेतुरे करीत असेल, तर त्याच्या संतापाचें मूळ सीमेवर शोधणारा उपचारक भलत्याच वाटेनें चालला आहे. हुद्द्यानें हांक मारण्यास पैसा लागत नाहीं.

मदतीची सोय अगदींच नाहीं असें नव्हे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून आहे, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत २०२३ अखेर सैनिकांसाठीं व त्यांच्या कुटुंबीयांसाठीं तिचा निराळा कक्ष उघडला.

कुटुंबीय हा शब्द येथें महत्त्वाचा. पंधरा वर्षें शेत, सोसायटीचें कर्ज आणि मुलांची शाळा बायकोनें एकटीनें सांभाळली. आतां घरांत हुकूम सोडणारा दुसरा आला. तिला बाहेरच्या बाकावर बसवून केलेली तपासणी अर्धीच होते.