शिसे आणि आपली भाकरी

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे. त्याला माती खायची सवय आहे. उन्हाळ्यात तो आमच्या जुन्या दाराच्या रंगाचे पोपडे काढून खात होता. आजी ओरडली, "काय खायलास रे लेकरा!" अंगणवाडीत डॉक्टर आले तेव्हा त्याचे रक्त कमी निघाले. मायने रंगाचे सांगितले, तसे डॉक्टरांनी आम्हाला शिशाची माहिती दिली.

शिसे हा मऊ, जड धातू आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीत असतो, मासे धरायच्या जाळ्याच्या गोळ्यांत असतो. पूर्वी ऑईलपेंटमध्येही घालीत. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. पण आमचे दार आजोबांच्या वेळचे आहे.

पोटात लोहाची आणि शिशाची वाट एकच असते. रक्तात लोह कमी पडले की शरीर ती वाट मोठी करते, कारण त्याला लोह पाहिजे असते. मग शिसेही त्याच वाटेने घुसते. पोट रिकामे असले तर आणखीनच जास्त. लहान लेकरे मोठ्या माणसांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेतात. लोह कमी असलेली लेकरेच पुष्कळदा माती खातात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

मेंदूत निरोप पोहोचवायला कॅल्शियम लागते. शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन तिथे बसते आणि निरोप बिघडवते. मग लक्ष लागत नाही, शिकलेले ध्यानात राहत नाही. वरून काहीच दिसत नाही, रक्त तपासले तरच कळते. (मला नऊचा पाढा येत नाही, पण तो आळस आहे, असे बाई म्हणतात.)

म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी, हरभरे, तीळ, दूध, ताक खावे. भाजीवर लिंबू पिळले की लोह चांगले लागते. जेवताना चहा पिऊ नये, त्याने लोह कमी लागते. मी सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत यायचो, आता भाकरी खाऊनच येतो. पण जेवणाने शिसे फक्त कमी शिरते. आत गेलेले निघून जात नाही, ते हाडांत वर्षानुवर्षे राहते. म्हणून आधी शिसेच दूर ठेवावे लागते.

आमच्या भागात हळद पिकते, म्हणून हेही लिहितो. बांगलादेशात हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून तिला शिशाचा रंग लावीत. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने ते पकडले. आजी घरचीच हळद दळून आणते.

डॉक्टर म्हणाले, दार कोरडे घासू नका, भुकटी उडते. म्हणून माय रोज ओल्या फडक्याने पुसते. भावाचे रक्त शिशासाठी तपासायला नांदेडला न्यायचे आहे. अण्णा म्हणतात, सोयाबीन निघाले की जाऊ. माय म्हणते, त्याआधीच जाऊ.