वारणेचा धडा : साधन साधे, काम मोठे

तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहतो, तितके त्याचे वजन घटते व साखरेचा उताराही उतरतो. म्हणून तोडीचा दिवस आणि काट्यावरील वजन या दोन गोष्टी ऊस बागायतदारास वेळेवर समजणे अगत्याचे असते.

१९९८ साली केंद्र शासन, महाराष्ट्र शासन व वारणानगरचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक योजना हाती घेतली. गावोगावी केंद्रे उघडण्यात आली. पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे अनेक हेतू योजनेमागे होते. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाच्या हिशेबासाठीच झाला. संगणकांची देखभाल मात्र खर्चाची ठरली.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल वापरून पाहिला. लघुसंदेश पाठविताच मध्यवर्ती संगणकाकडून उत्तर येई. काम तेच, खर्च मात्र बराच कमी.

आज स्मार्टफोन बांधावर पोहोचला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंदही राज्यभर शेतकरी स्वतः मोबाईलवर करू लागले. तथापि वारणेचा धडा जुना झालेला नाही. कार्यकर्त्यांनी नवे ॲप गावात नेण्यापूर्वी, शेतकऱ्यास कोणत्या माहितीसाठी हेलपाटे घालावे लागतात, हे प्रथम विचारावे. जे साधन तो हेलपाटा वाचवील, तेच गावात टिकेल.