जळगावचा भुईमूग मलावीत कसा पोचला?

मलावीत भुईमुगाचं 'ककोमा' नावाचं वाण पेरलं जातं. शेजारच्या झांबियात त्याच वाणाला 'लुएना' म्हणतात. आपल्याकडे ते 'फुले प्रगती' आणि शास्त्रज्ञांच्या नोंदवहीत 'जेएल-२४'. ते तयार झालं जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात, म्हणजे नशिराबाद गावाहून महामार्गाने थोड्याच अंतरावर. नशिराबादच्या किती शेतकऱ्यांना हे ठाऊक असेल?

दोन देशांचं कृषी सहकार्य म्हटलं की मंत्री, टेबलावरचे छोटे झेंडे आणि सामंजस्य करार डोळ्यांपुढे येतात. पण बांधापर्यंत ते पोचतं बियाण्याची पुडी, नळीतलं रोप किंवा पाण्यातली बोटुकली या रूपात. खानदेशात याची तीन उदाहरणं शेजारीशेजारी आहेत : भुईमूग, केळी आणि मासे. तिन्हींच्या वाट्याला वेगवेगळं फळ आलं. ते कशामुळे, हे समजून घेण्यासारखं आहे.

तैवानहून आलेली पुडी

भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे तो इतका रुळला की परका वाटतच नाही. तरीही नव्या गुणांसाठी बाहेरचं बियाणं लागतंच. परदेशातून आलेल्या नमुन्याला 'ईसी' क्रमांक मिळतो, त्याच्यासोबत रोग-कीड तर आली नाही ना हे तपासलं जातं आणि मगच तो संशोधकांच्या हाती पडतो. हे काम १९७६ पासून दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था पाहते.

ईसी ९४९४३ हा तैवानहून आलेला नमुना. त्यातून जळगावच्या संशोधकांनी सरस झाडं निवडली, त्यांचं बी वेगळं राखलं, हंगामामागून हंगाम पारखलं आणि जेएल-२४ उभं राहिलं. हे उपटं वाण साधारण तीन महिन्यांत काढणीला येतं. पाऊस लवकर आटोपला तरी हाती काहीतरी लागतं. त्यामुळे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राचं वाण राज्याच्या सीमा ओलांडून देशभर पसरलं.

पुढचा प्रवास इक्रिसॅटमुळे झाला. कोरडवाहू भागातल्या पिकांवर काम करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला सुरू झाली. तिच्या बीजपेढीत भुईमुगाचे १५ हजारांवर नमुने आहेत. मलावीतल्या चिटेड्झे संशोधन केंद्रातही तिचं काम चालतं. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात एकच पावसाळा आणि तोही बेभरवशाचा, म्हणून कमी दिवसांचं जळगावी वाण तिथे उपयोगी ठरलं. अर्थात ते सर्वगुणसंपन्न नव्हतं. आफ्रिकेत भुईमुगावर रोझेट नावाचा विषाणूजन्य रोग येतो आणि जेएल-२४ त्याला सहज बळी पडतं. त्यामुळे तिथल्या संशोधकांना रोगाला दाद न देणारी दुसरी वाणंही द्यावी लागली. तैवानने दिलेलं जळगावने घडवलं आणि मलावीने आपल्या मातीत पारखून घेतलं.

केळीची उलटी वाट

केळीची गोष्ट खाजगी उद्योगाच्या वाटेने गेली. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या कंद लावून केळी व्हायची आणि बाग कापणीला यायला दीड वर्ष लागायचं. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलहून 'ग्रँड नैन' आणली आणि प्रयोगशाळेत तिची ऊतिसंवर्धित रोपं तयार करायला सुरुवात केली. ठिबकमधून रोज मोजून पाणी आणि खत दिलं, की ही 'टिश्यूची' रोपं अकरा-बारा महिन्यांत घड देऊ लागली. मृगबाग आणि कांदेबाग या दोन्ही हंगामांतल्या लागवडीचं सगळं गणितच बदललं.

ठिबकही इस्रायलचंच. सिम्चा ब्लास या अभियंत्याची कल्पना घेऊन हात्झेरिम या किबुत्झने १९६५ मध्ये नेटाफिम कंपनी काढली. तेव्हा भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९९२ मध्ये जुळले आणि पुढच्याच वर्षी शेतीचा करार झाला. त्यातून पुढे देशभर गुणवत्ता केंद्रं निघाली. महाराष्ट्रात नागपूरला संत्र्याचं, राहुरीला डाळिंबाचं, दापोलीला आंब्याचं आणि औरंगाबादला केसर आंब्याचं.

मग वाट उलटी फिरली. २००७ मध्ये जैन इरिगेशनने नानदान या इस्रायली ठिबक कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि पुढे ती पूर्णच विकत घेतली. शिकणारा मालक झाला. पण कर्जाचा भार वाढत गेला आणि २०२३ मध्ये कंपनीने आपला परदेशी सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन केला. बाजाराच्या वाटेने आलेलं सहकार्य वेगाने पसरतं, तसंच ताळेबंदाबरोबर हेलकावतं.

शेतकऱ्याच्या हाती मात्र पीक राहिलं. २०१६ मध्ये 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची अशी २२ टन केळी दुबईला गेली. निर्यातीसाठी घड पिशवीत वाढवायचा, फण्यांना डाग पडू द्यायचा नाही, पॅकहाउसमध्ये धुऊन खोक्यात भरायच्या आणि १३-१४ अंशांच्या कंटेनरमधून बंदरावर न्यायच्या. जगातली सुमारे चौथाई केळी भारतात पिकते, पण निर्यातीत आपला वाटा अगदी किरकोळ आहे. त्यामुळे हे शिकणं अजून बाकी आहे.

चिलापीचा धडा

नशिराबाद सोडून भुसावळकडे निघालं की साकेगावजवळ महामार्ग वाघूर नदी ओलांडतो. वाघूर, हतनूर, गिरणा या जलाशयांच्या भागात मासळीही शेतकऱ्याच्या ओळखीची. तिच्यातही परदेशाचा हात आहे.

कटला, रोहू, मृगळ बांधलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करावं लागे. माशाला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवण्याची युक्ती ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात साधली होती. १९५७ च्या १० जुलैला कटकच्या मत्स्यसंशोधन केंद्रात हिरालाल चौधुरी यांनी ती भारतीय कार्प माशांवर यशस्वी करून दाखवली. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली आणि दूरदूरच्या धरणांत बोटुकली सोडता येऊ लागली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन याच कारणाने पाळतात. पुढे चौधुरींनी हे ज्ञान आग्नेय आशियातही नेलं.

याच काळात आलेल्या चिलापीचं उलट झालं. हा आफ्रिकी तिलापिया मासा १९५२ मध्ये, स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून भारतात आणला. तो भराभर वाढला, पण स्वतःच्याच गर्दीत खुरटला आणि स्थानिक माशांना जागा उरू दिली नाही. १९५९ मध्ये त्याच्या प्रसाराला मनाई झाली. तोवर तो पाण्यात पोचला होता आणि पाण्यातून परत कोण काढणार? आज सुधारित 'गिफ्ट' तिलापियाला परवानगी आहे, पण परवाना आणि अटींसह. तो धडा महागात शिकून झाला.

पुढचं संकट, पुढची पुडी

तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की उत्तर दिसतं. भुईमुगापाशी संशोधन केंद्र होतं, केळीपाशी प्रयोगशाळा आणि रोपवाटिका, कार्प माशांपाशी कटकचं केंद्र. चिलापी आली तेव्हा पारखणारा कुणी मध्ये उभा नव्हता.

पारखण्याचा हा मुद्दा खानदेशाला लवकरच पुन्हा भिडणार आहे. ऊतिसंवर्धनाची रोपं जनुकीयदृष्ट्या एकसारखी, म्हणून एकाला जडणारा रोग सगळ्यांना जडू शकतो. जगभरच्या केळीबागा उद्ध्वस्त करणारी पनामा मर रोगाची 'टीआर-४' ही बुरशी बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचली आहे. ती माती, पाणी, रोपं आणि अवजारांतून पसरते आणि एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षं राहते. तिला तोंड देणारं वाण बाहेरच शोधावं लागेल. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संग्रहात केळीच्या दीड हजाराहून जास्त जाती आहेत. तैवानच्या केळी संशोधन संस्थेने या रोगाला काहीशी दाद न देणारी वाणं निवडली आहेत. आपल्याकडे तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र यावर काम करतं.

यातलं एखादं वाण उद्या सावद्याच्या किंवा रावेरच्या मातीत यायचं असेल, तर ते आधी इथल्या उन्हात, इथल्या थंडीत आणि इथल्या पाण्यावर दोन-चार हंगाम पारखावं लागेल. त्यासाठी शेतं, माणसं आणि पैसा लागतो, आणि तोही रोग दारात येण्याआधी. म्हणून पुढच्या वेळी एखादं परदेशी शिष्टमंडळ जळगावला आलं, तर शेतकऱ्याने दोन प्रश्न विचारावेत : हे इथे कोण पारखणार, आणि त्याला किती वर्षं पैसा मिळणार? पहिल्याचं उत्तर नाव-पत्त्यासह आणि दुसऱ्याचं आकड्यात मिळालं, तर त्या कराराकडे लक्ष द्यायला हरकत नाही.