वाचनमंडळाचें पुढील पुस्तक

वाचनमंडळ स्थापन करणें सोपें, चालविणें त्याहून अवघड, आणि पुढचें पुस्तक निवडणें सर्वांत अवघड. पहिल्या दोन-तीन बैठकांना उत्साह पुरतो. पुढें मात्र दर महिन्यास तोच प्रश्न उभा राहतो. एक सभासद नुकतेंच पारितोषिक मिळालेलें पुस्तक सुचवितो, दुसरा आपलें आवडतें पुढें करतो, तिसऱ्यास पृष्ठसंख्येची चिंता पडते. अखेर हात वर करून मतें मोजलीं जातात आणि ज्यास कोणाचाच विरोध नाहीं असें पुस्तक निवडून येतें. केवळ करमणुकीसाठीं जमणाऱ्या मंडळीचें यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु समाजाचें दुःख समजून घ्यावें या हेतूनें जें मंडळ वाचतें, त्याचा हेतूच या रीतीनें विफल होतो. कारण कोणाचाच विरोध नसलेलें पुस्तक बहुधा सर्वांस आधींच पटलेली गोष्ट सांगत असतें.

निवडीची याहून चांगली रीत आहे. मागील पुस्तकानें जो प्रश्न अनुत्तरित ठेवला असेल, त्याचा माग काढीत पुढील पुस्तकाकडे जावें. एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल.

समजा, एखाद्या मंडळानें हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी वाचून संपविली. ‘करमणूक’ पत्रांतून 1890 पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरींत यमू आपली कहाणी स्वमुखानें सांगते. तिच्या वैधव्याचा आणि केशवपनाचा भाग वाचतांना आजहि मन कळवळतें. बैठकींत हळहळ व्यक्त होते, आणि तें स्वाभाविकच आहे. पण हळहळ ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. यमू बोलते खरी, परंतु तिच्या तोंडीं शब्द घातले आहेत ते एका सुशिक्षित पुरुषानें. त्या काळची एखादी स्त्री स्वतः लिहावयास बसली असती, तर तिनें काय लिहिलें असतें?

याचें उत्तर कल्पनेनें देण्याचें कारण नाहीं. या कादंबरीच्या आठ वर्षें आधीं, 1882 सालीं, पुण्यास ‘स्त्री-पुरुष तुलना’ हें लहानसें पुस्तक छापलें गेलें होतें. त्याच्या लेखिका ताराबाई शिंदे या वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या. 1881 सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलांत ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. त्या खटल्याच्या निमित्तानें साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर टीकेची झोड उठली, आणि ताराबाईंनीं लेखणी उचलली. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारले जातात, ते पुरुषांच्या अंगीं किती आहेत, याचा त्यांनीं एकेक करून हिशेब मांडला. हें लिखाण दयेची याचना करीत नाहीं. तें जाब विचारतें. कादंबरींत राग येतो तो कथेंतल्या दुष्ट पात्रांचा. येथें मात्र आरोपीच्या पिंजऱ्यांत वाचकासच उभें राहावें लागतें.

या पुस्तकाचें पुढें काय झालें, तेंहि मंडळानें ध्यानांत घ्यावें. त्याच्या 500 प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे होती. जोतीराव फुले यांनीं 1885 सालच्या ‘सत्सार’मध्यें लेखिकेची बाजू घेतली. तरीहि पुस्तक हळूहळू विस्मृतींत गेलें. 1975 सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हा प्रकाशांत आणलें, तोंवर नव्वदांवर वर्षें लोटलीं होतीं. पुस्तक नाहींसें होण्यास त्यावर बंदीच यावी लागते असें नाहीं. कोणीं तें वाचावयास घेतलें नाहीं, म्हणजे पुरें. वाचनमंडळाची निवड ही वरवर दिसते तितकी किरकोळ बाब नाहीं, ती यासाठीं.

ताराबाईंच्या पुस्तकानंतरहि प्रश्न उरतोच. पुनर्विवाहाची बंदी, घरांतली कोंडी, हीं दुःखें मुख्यतः वरच्या म्हणविणाऱ्या जातींतील स्त्रियांचीं. गांवकुसाबाहेरील स्त्रीचें काय? हा प्रश्न मंडळास बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकाकडे नेतो. फलटणास आपल्या लहानशा किराणा दुकानांत बसून, घरच्यांच्या नजरेआड, त्यांनीं हें लिखाण केलें आणि कित्येक वर्षें तें लपवून ठेविलें. पुढें ‘स्त्री’ मासिकांतून तें क्रमशः आलें आणि 1986 सालीं त्याचें पुस्तक झालें. महारवाड्यांतील भूक, तेथील देवभोळेपणा, आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनें आलेली जाग, हें सारें त्यांत आहे. शिवाय वाड्यांतल्याच सासवांनीं सुनांचा केलेला छळ त्यांनीं झांकून ठेविलेला नाहीं, आणि शिकून वर चढल्यावर आपल्या माणसांस विसरणाऱ्यांसहि त्यांनीं सोडलेलें नाहीं. ज्यास केवळ कींव करावयाची आहे, त्याची या पुस्तकापाशीं निराशा होईल.

अशा पुस्तकाची बोली शहरी घरांत अडते, अशी तक्रार ऐकूं येते. तिच्यावर उपाय सोपा आहे. निवडीच्या बैठकींतच पहिलीं दहा पानें कोणी तरी मोठ्यानें वाचून दाखवावींत. डोळ्यांस अडलेले पुष्कळ शब्द कानास कळतात. शिवाय पुस्तक पेलेल कीं नाहीं, याचा निर्णय त्या दहा पानांत होतो. नुसत्या परीक्षणावरून तो करूं नये.

व्यवहाराच्या गोष्टीहि सोडून चालत नाहीं. दहा सभासदांत निदान तीन-चार प्रती हव्यात. त्या ग्रंथालयांत मिळतील कीं विकत घ्याव्या लागतील, तें आधीं पाहावें. जाड ग्रंथ असेल तर त्याचे दोन बैठकांत भाग पाडावे, म्हणजे न वाचतां येणाऱ्यांची संख्या घटते. निवडीचा अधिकार मतांच्या बहुमतास न देतां पाळीपाळीनें एकेकास द्यावा; मात्र ज्याची पाळी असेल, त्यानें हें पुस्तक मागील कोणत्या प्रश्नाचें उत्तर शोधतें, तें दोन वाक्यांत सांगावें. घरांतील जें माणूस बैठकींत सहसा बोलत नाहीं, त्याची पाळी चुकवूं नये. पुष्कळदां अनपेक्षित पुस्तक त्याच्याच हातून येतें.

यासाठीं मंडळानें एक वही ठेवावी. चर्चा संपतांना, चहा येण्यापूर्वीं, त्या दिवशीं न सुटलेला प्रश्न तींत लिहावा. पुढील निवडीच्या वेळीं प्रथम ती वही उघडावी आणि मग पुस्तकांच्या याद्या पाहाव्यात. वहींत लिहावयास एकहि प्रश्न सांपडला नाहीं, तर पुस्तक निवडण्यांत चूक झाली होती, असें खुशाल समजावें.