भयाच्या खेळांतील युद्धनीति

चिंचवड-निगडीपासून भोसरीमार्गें चाकणपर्यंत कारखान्यांचा जो पट्टा पसरला आहे, त्यांतील वसाहतींत रात्रीं दहाच्या पुढें दोन प्रकारचीं माणसें जागीं आढळतात. एक, रात्रपाळीस निघालेलीं; दुसरीं, व्हिडिओ गेमच्या पडद्यासमोर बसून प्रेतपिशाचांशीं झुंजणारीं. पुष्कळदां दोन्ही प्रकार एकाच घरांत नांदतात, आणि पाळी बदलली म्हणजे एकच माणूस आज पहिल्या प्रकारांत तर पुढील आठवड्यांत दुसऱ्या प्रकारांत मोडतो. घरांतील वडील मंडळींस या खेळाविषयीं बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात : त्यांत किंकाळ्या फार असतात, आणि हरल्यावर मुलगा दुसऱ्या दिवशीं जेवतांना बोलत नाहीं.

प्रस्तुत लेखक पेशानें शिक्षक. कंट्रोलर हातांत घेण्याचें त्याचें वय नव्हे. परंतु घरच्या व शेजारच्या तरुणांच्या पाठीशीं बसून त्यानें हे खेळ पुष्कळ पाहिले आहेत, आणि चांगले हुशार, इंजिनिअरिंगचे पदवीधर तरुण तेथें पुनःपुन्हां कां मरतात याचा विचार केला आहे. त्याचें मत असें झालें आहे कीं, या मुलांचा नेम उत्तम असतो, पण त्यांस हिशेब ठेवतां येत नाहीं.

या जातीच्या खेळांस ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हें नांव रूढ झालें तें १९९६ सालीं निघालेल्या जपानी ‘रेसिडेंट इव्हिल’पासून. कॅपकॉम कंपनीचा हा खेळ शिंजी मिकामी यांनीं दिग्दर्शित केला. त्याच कंपनीचा १९८९ चा ‘स्वीट होम’ आणि १९९२ चा फ्रेंच ‘अलोन इन द डार्क’ हे त्याचे पूर्वज. पण वाचकांनीं वंशावळींत शिरण्याचें कारण नाहीं. कथा एवढीच कीं, अरण्यांत एक जुना वाडा आहे, त्यांत उठलेलीं प्रेतें फिरत आहेत, आणि आंत अडकलेल्यास जिवंत बाहेर पडावयाचें आहे. झोळींत नायकास सहा व नायिकेस आठ वस्तु मावतात. पिस्तुल, काडतुसें, किल्ली, औषध, काय तें सर्व त्यांतच बसवावयाचें. झालेली प्रगति जतन करण्यास टंकयंत्र ठेवलें आहे, परंतु त्याची शाईची फीतसुद्धां मोजून मिळते. इतर युद्धखेळांत नायकाच्या पाठीस अर्जुनाचा अक्षय भाता असतो. येथें भाता आहे, पण बाण मोजके. आणि जो हें विसरला तो तिसऱ्या दालनांत रिकाम्या हातानें उभा राहतो.

साधें प्रेत पाडण्यास पिस्तुलाच्या पांचसहा गोळ्या सहज लागतात. दालनांत तीन प्रेतें असलीं तर पंधरा-अठरा गोळ्या गेल्या, आणि मिळालें काय? या जुन्या वळणाच्या खेळांत शत्रु मारल्याबद्दल गुण नाहींत कीं त्याच्या अंगावर द्रव्य सांपडत नाहीं. म्हणून दार उघडतांच पहिला प्रश्न असा विचारावा कीं, या वाटेनें आपणांस पुन्हां किती वेळां यावयाचें आहे? एकदांच जावयाचें असेल तर प्रेतास एका अंगास ओढून घ्यावें व दुसऱ्या अंगानें निसटावें. तीं मंदगति असतात. जिना, मोठें दालन, जतनखोलीकडे जाणारा बोळ, अशा ज्या जागीं दहा वेळां ये-जा आहे तेथें मात्र गोळी खर्चावी, आणि खर्चावयाची तर काम अर्धवट सोडूं नये. २००२ च्या नव्या आवृत्तींत पाडलेलें प्रेत कांहीं काळानें तांबड्या मस्तकाचें व अतिशय चपळ होऊन पुन्हां उठतें. त्यास रॉकेल ओतून जाळावें लागतें, नाहीं तर त्याचें मस्तक तरी उडवावें लागतें. रॉकेलहि अर्थात् थोडेंच. आपल्या नीतिकारांनीं अग्नि, ऋण आणि शत्रु यांस एकाच पंक्तीस कां बसविलें, हें या खेळांत एका रात्रींत पटतें.

दुसऱ्या भागाची नवी आवृत्ति २०१९ सालीं आली. तींत धांवत धांवत गोळी झाडणारा फुकट जातो. क्षणभर स्थिर उभें राहिलें म्हणजे नेमाचें चिन्ह आक्रसून लहान होतें आणि तीच गोळी अधिक लागते. पण प्रेत चार हातांवर आलें असतां स्थिर उभें राहणें हें सांगण्याइतकें सोपें नाहीं. ज्यास मारावयाचें नाहीं, केवळ ओलांडावयाचें आहे, त्याच्या पायावर मारावें; गुडघा मोडला कीं वाट मोकळी होते. फळ्या सांपडल्या तर त्या ये-जा असलेल्या वाटेवरील खिडक्यांस ठोकाव्या, कारण प्रेतें तेथूनच आंत येतात. सुरी ही हल्ल्यासाठीं नसून मिठी सोडविण्यासाठीं आहे असें समजून जपावी. तीहि झिजते.

औषधाचा भाग प्रस्तुत लेखकास विशेष आवडला. कुंड्यांतून हिरवा, तांबडा व निळा असा तीन प्रकारचा पाला मिळतो. हिरवा जखम भरतो, निळा विषावर चालतो. तांबड्यास एकट्यास कांहीं गुण नाहीं, पण हिरव्याशीं मिसळला म्हणजे तो पूर्ण आरोग्य देतो. अनुपानाचें महत्त्व जपानी माणसास कोणी सांगितलें कोण जाणे! तरुण मंडळी मात्र जरा खरचटलें कीं हिरवा पाला खाऊन मोकळी होतात आणि पुढें तांबडा हातीं आल्यावर हळहळतात. किरकोळ जखमेनें चालावें. लंगडूं लागल्यावर औषध घ्यावें.

आमच्या या पट्ट्यास सर्वांत जवळचा वाटावा असा खेळ म्हणजे २००८ चा ‘डेड स्पेस’. त्याचा नायक आयझॅक क्लार्क हा सैनिक नसून इंजिनिअर आहे, आणि त्याचें मुख्य शस्त्र म्हणजे खाणकामांतील एक कापणीयंत्र. ओसाड पडलेल्या अवकाशजहाजांत जीं विकृत प्रेतें अंगावर येतात, त्यांच्या डोक्यावर वा छातीवर मारून उपयोग नाहीं. हातपाय छाटावे लागतात. यंत्राचें पातें आडवें-उभें फिरवितां येतें : पायांस आडवें, हातांस उभें. भोसरीच्या टूलरूममध्यें काम केलेला माणूस येथें सैन्यांतून आलेल्यापेक्षां लवकर शिकतो, कारण कापण्यापूर्वीं जॉब कसा धरावयाचा याचा विचार त्याच्या अंगवळणीं पडलेला असतो.

हा खेळ ज्याच्या पाठीशीं बसून पाहिला तो शेजारचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत कंत्राटावर होता. मुदत संपली, पुढें बोलावणें आलें नाहीं, आणि मुलगा रात्ररात्र हाच खेळ खेळूं लागला. वडील साहजिकच रागावले. “नोकरी शोधायची सोडून भुतें काय मारतोस?” असा त्यांचा सवाल. मुलगा त्यांस कांहीं बोलला नाहीं, मजजवळ एवढेंच म्हणाला, “सर, कंपनीत माझं काय चुकलं ते कोणी सांगितलं नाही. इथं मेलो तर का मेलो ते कळतं तरी.” या उत्तरास प्रत्युत्तर मला तेव्हां सुचलें नाहीं आणि आजहि सुचत नाहीं. मी त्यास इतकेंच विचारलें कीं, मघां ज्या दालनांत तूं तीन वेळां मेलास तेथून मागचें दार उघडें असतां पळाला कां नाहींस? तो ओशाळून म्हणाला, “पळायचं कसं?”

खरी अडचण येथें आहे. कौटिल्यानें राजनीतीचे सहा गुण सांगितले : संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. आमच्या तरुणांस त्यांपैकीं एक विग्रहच ठाऊक. परंतु या खेळांत असे शत्रु मुद्दाम योजले आहेत कीं ज्यांच्याशीं विग्रह संभवतच नाहीं. वर सांगितलेल्या २०१९ च्या खेळांत टोपी घातलेला एक धिप्पाड राक्षस पाठलाग करतो. कितीहि गोळ्या घातल्या तरी तो घटकाभर गुडघ्यावर बसतो आणि पुन्हां उठतो. त्याच्या पावलांच्या आवाजावरून तो कोणत्या मजल्यावर आहे हें ओळखून दुसरी वाट धरणें हाच उपाय. त्याच खेळांतील जिभल्या काढणारा प्राणी आंधळा आहे. त्याच्या अंगाखालून हळूहळू चालत गेलें तर तो कांहीं करीत नाहीं, आणि धांवलें कीं संपलें. २०१४ च्या ‘एलियन : आयसोलेशन’मधील श्वापद तर अवध्यच. अग्नियंत्रानें तें मागें हटतें, पण वारंवार भाजलें म्हणजे निर्ढावतें. स्वीडनमधील फ्रिक्शनल कंपनीनें २०१० सालीं काढलेल्या ‘ॲम्नेशिया’मध्यें नायकास शस्त्रच दिलेलें नाहीं. हातीं एक कंदील, त्यास तेल थोडें. अंधारांत फार वेळ राहिलें तर बुद्धि भ्रमते, आणि राक्षसाकडे टक लावून पाहिलें तरीहि भ्रमते. तेथें आसन म्हणजे कपाटांत वा कोपऱ्यांत निमूट बसणें आणि यान म्हणजे दार लावून पळणें, एवढीच युद्धविद्या.

यांत हलकेपणा वाटणाऱ्यांनीं चाकण गांवांतच जाऊन यावें. संग्रामदुर्गाच्या तटाचे अवशेष तेथें आहेत. १६६० सालीं शिवाजीमहाराज पन्हाळ्यास वेढ्यांत अडकले असतां शाएस्तेखान या भुईकोटावर चालून आला. डोंगराचा आश्रय नाहीं, कुमक येण्याची आशा नाहीं, शिबंदी मोजकी. तरी फिरंगोजी नरसाळ्यानें तो सुमारे ५५ दिवस भरपावसांत राखिला. अफाट सैन्यावर तो मैदानांत चालून गेला नाहीं. तटाआडून माऱ्याची वेळ व जागा आपण निवडीत राहिला. १४ ऑगस्टला मोंगलांनीं सुरुंगानें बुरूज उडविला, तेव्हां आंत मातीचा दुसरा बांध तयार होता आणि त्या आडून त्याचीं माणसें आणखी एक रात्र झुंजलीं. दुसऱ्या दिवशीं उपाय उरला नाहीं, तेव्हां त्यानें किल्ला खालीं केला. खानानें देऊं केलेली चाकरी मात्र नाकारली. त्या मुलास मी हा बांधच दाखविला. मोठ्या दालनांत पाऊल टाकण्यापूर्वीं मागची वाट साफ करून ठेवावी, माघारीच्या टप्प्यावर काडतुसें राखून ठेवावीं, आणि पुढचा बुरूज उडाला तर कोठें यावयाचें हें आधींच ठरवावें. चवथ्या खेपेस तो त्या दालनांतून दोन वेळां मागें आला आणि पार झाला.

आतां घराविषयीं थोडें. वर सांगितलेल्यांपैकीं बहुतेक खेळांवर अठरा वर्षांची वयोमर्यादा छापलेली असते, ती शोभेसाठीं नाहीं. दहा वर्षांच्या नातवास मांडीवर घेऊन हे खेळ खेळणारे काका प्रस्तुत लेखकानें पाहिले आहेत. तें पोर पुढें महिनाभर एकटें न्हाणीघरांत जाईना. दुसरें, या खेळांत भय डोळ्यांपेक्षां कानानें शिरतें. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्यें धुक्यांत कांहीं दिसत नाहीं, पण राक्षस जवळ आला कीं खिशांतला रेडिओ खरखरतो, आणि जाणता खेळाडू त्या खरखरीवरच चालतो. तेव्हां कर्णयंत्र लावून खेळणें युद्धाच्या दृष्टीनें योग्यच, आणि घरांतील झोपलेल्यांच्या दृष्टीनेंहि. मात्र त्यामुळें आईची हांक ऐकूं येत नाहीं ही तक्रार रास्त आहे, आणि एक कान उघडा ठेवण्याची तडजोड बऱ्याच घरांत चालते. खोलींत एक दिवा असावा. हात घामेजले कीं नेम जातो. अशा वेळीं खेळ थांबवून पाणी प्यावें.

पण थांबण्यापूर्वीं जतन करावें, आणि तेथेंहि गाफील राहूं नये. ‘एलियन’च्या खेळांत जतन करण्याच्या यंत्रांत कार्ड घातल्यावर तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभें राहावें लागतें, आणि तेवढ्या अवधींत श्वापद पाठीमागून येऊं शकतें. तेव्हां ज्यास पहांटे साडेपांचची कंपनीची बस धरावयाची आहे, त्यानें त्या यंत्रापाशीं रात्रीं अकरापूर्वींच पोंचावें.